परतीची एसटी

१ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर अशी पहिली गाडी सुटली, आणि तेव्हापासून एसटीने महाराष्ट्राचे काय काय वाहिले नाही? वऱ्हाडे वाहिली, वारकरी वाहिले, मतपेट्या वाहिल्या, शाळेची पोरे आणि बाजाराच्या कोंबड्या वाहिल्या. पण १९८१ च्या जुलैत या लाल गाड्यांना एक निराळेच काम लागले. मुंबईच्या फुटपाथवर राहणारी माणसे उचलून त्यांत बसवायची आणि शहराबाहेर नेऊन सोडायची. एसटीच्या कौतुकाच्या लेखांत ही फेरी येत नाही. ती वाचायची तर सर्वोच्च न्यायालयाचे एक निकालपत्र उघडावे लागते. मुंबईपासून जवळपास हजार किलोमीटरवर, गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसीत बसून ते वाचले की त्यातला एक प्रश्न फार टोचतो. निकालात तो कोणी थेट विचारलेला नाही. त्या प्रश्नाकडे येईनच, आधी त्या पावसाळ्याची हकीकत.

मुख्यमंत्री होते बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. जून १९८० मध्ये ते गादीवर आले होते आणि धडाकेबाज निर्णयांसाठी गाजत होते. १३ जुलै १९८१ रोजी त्यांनी जाहीर केले की मुंबईच्या फुटपाथवरचे सगळे झोपडीवासी हटवले जातील, आणि त्यांना आपापल्या मुळगावी किंवा शहराबाहेर पाठवले जाईल. महापालिकेला लागेल ती मदत करण्याचा हुकूम पोलिस आयुक्तांना सुटला. कारण सांगितले ते असे, की हे जिणे अमानुष आहे, ही खोपटी तकलादू आहेत, पावसाळ्यात माणसाने त्यांत राहावे तरी कसे?

म्हणजे माणूस पावसात भिजतो याची दया आली, म्हणून भर पावसात त्याचे छप्पर काढायचे ठरले.

अंतुल्यांना नुसते खलनायक करून मोकळे होता येत नाही. १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू झाली ती त्यांच्याच कारकिर्दीत. आमच्या झाडीपट्टीत आजही म्हातारी माणसे ‘निराधारचे पैसे आले का?’ म्हणून बँकेच्या पायरीवर बसलेली दिसतात. गावातल्या निराधाराला महिन्याचे पैसे देणारे सरकार शहरातल्या निराधाराला गाडीत कोंबते, यात त्या काळी कोणाला विसंगती दिसली नाही. एकच हिशेब दोन्हीकडे होता. गरिबाची जागा गावात. तो तिथे राहिला तर मदतीला पात्र, शहरात दिसला तर अतिक्रमण.

निकालपत्रात दोन माणसांची थोडक्यात चरित्रे आहेत. नावे बाजूला ठेवू, हिशेब पाहू. पहिला तामिळनाडूतल्या सेलमचा. गावी भूमिहीन मजूर. दुष्काळात काम सुटले म्हणून १९६१ मध्ये मुंबईला आला. दहिसरच्या एका रसायनाच्या कारखान्यात त्याला रोज २३ रुपये मिळत. पश्चिम द्रुतगती महामार्गाच्या फुटपाथवर प्लॅस्टिक आणि ताडपत्रीचा आडोसा मिळवायला त्याला तिथल्या दादाला २,५०० रुपये मोजावे लागले. त्यात तो, बायको आणि तीन मुली राहत. मुली १६, १३ आणि ५ वर्षांच्या. दुसरा आपल्याच महाराष्ट्रातला, संगमनेरचा. चांभारकाम करून दिवसाला सात-आठ रुपये मिळवायचा. गावातले घर, म्हणजे घर म्हणायचे ते, कोसळले. १९६९ मध्ये मुंबई गाठली आणि महिना ३५० रुपयांवर बदली कामगार झाला. तुळशीवाडीच्या फुटपाथवर जागा मिळवायला गल्लीतल्या गुंडाला ३०० रुपये दिले, बांबू आणि प्लॅस्टिकला ७०० गेले.

हे आकडे नुसते वाचून सोडू नयेत. संगमनेरच्या माणसाचे जवळजवळ तीन महिन्यांचे वेतन एका फुटपाथी झोपडीत गेले. सेलमच्या मजुराने तर शंभरावर दिवसांची मजुरी एकट्या दादाच्या हातावर ठेवली. ‘फुकट्या’ म्हणून ज्यांची हेटाळणी होते त्यांनी फुटपाथच्या काही चौरस फुटांसाठी असे दाम मोजले होते. फरक इतकाच, की ते पैसे पालिकेच्या तिजोरीत गेले नाहीत आणि पावती कोणी फाडली नाही.

मुख्यमंत्र्यांच्या घोषणेची बातमी आली तशी विलेपार्ल्याच्या कामराज नगरातली आणि माहीमकडच्या तुळशी पाइप रोडवरची माणसे उच्च न्यायालयात गेली. कामराज नगर ही महामार्गालगतची सुमारे ५०० झोपड्यांची वस्ती. १९६०-६१ च्या सुमारास ती वसली, आणि वसवली कोणी? महामार्गाच्या कडेने पाण्याचे नळ टाकण्याचे काम करणाऱ्या मजुरांनी. शहराला पाणी पोचवायला आलेली माणसे नळाच्या कडेलाच राहिली. पुढे त्यांत पालिकेचे कामगार होते, कारखान्यातले होते, हॉटेलातले होते. तुळशी पाइप रोड तर पश्चिम रेल्वेच्या रुळांना लागूनच जातो. तिथली माणसे दहा-पंधरा वर्षांपासून राहून बारीकसारीक धंदे करत होती. या वस्त्या रस्त्याच्या आणि रुळांच्या कडेलाच का असतात, याचे कारण साधे आहे. तिथे काम असते, किंवा कामाला जाणारी गाडी असते. ज्याच्या मजुरीतून गाडीभाडे परवडत नाही तो गाडीच्या वाटेवरच राहतो.

उच्च न्यायालयाने २१ जुलैपर्यंत हात लावू नका असा तात्पुरता मनाई हुकूम दिला. २१ तारखेला सरकार आणि पालिकेच्या बाजूने कबूल करण्यात आले की १५ ऑक्टोबरपर्यंत झोपड्या पाडणार नाही. आणि याचिकेतला आरोप असा, की दोनच दिवसांनी, २३ जुलैला, माणसांना एसटीच्या गाड्यांत दाटीवाटीने बसवून मुंबईबाहेर काढण्यात आले. निकालपत्रात यापुढे एक वाक्य येते आणि तिथे वाचणारा थांबतो. या हद्दपारीच्या वाटेवर दोन बाळे जन्मली, आणि दोन जीव गेले. न्यायालयाने ते जमाखर्चाच्या कोरड्या भाषेत लिहिले आहे. जुलैचा पाऊस, खिडक्यांच्या झडपा लावलेल्या, बाकांच्या मधल्या वाटेत भांडी, गाठोडी, चुलीची पत्र्याची पिंपे, आणि त्यात एक बाळंतीण. यापुढे कल्पना चालवायची गरज नाही.

त्याच २३ जुलैला सेलमच्या मजुराचा आडोसाही पाडला गेला आणि त्याला कुटुंबासह सेलमच्या गाडीत बसवले. पुढे? बायको-मुली सेलमला राहिल्या. तो कामाच्या शोधात मुंबईला परत आला आणि पुन्हा फुटपाथवर राहू लागला. संगमनेरवाल्याची झोपडी तर त्याआधीच, जानेवारी १९८० मध्ये तोडली होती. त्याने ती परत बांधली. न्यायमूर्तींनीच या साऱ्याला लपंडावाचा खेळ म्हटले आहे. पालिकेची माणसे पोलिस घेऊन येतात, झोपडीवाले आडगल्लीत पळतात, गाडी गेली की परत येतात.

या हद्दपारीने एका मजुराचे काय साधले? कुटुंबाचे दोन तुकडे केले. फुटपाथवरचा एक माणूस काही कमी झाला नाही, त्याची बायको-मुले तेवढी कमी झाली.

कायदा पालिकेच्या बाजूने होता. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याचे ३१४ वे कलम आयुक्तांना रस्त्यावरचे अतिक्रमण नोटीस न देता काढण्याची मुभा देते. याचिकाकर्त्यांत झोपडीवासी होते, नागरी हक्कांसाठी झटणाऱ्या संघटना होत्या, आणि पत्रकार ओल्गा टेलिस होत्या. त्यांच्याच नावाने हा खटला पुढे ओळखला गेला. त्यांच्या बाजूने वकील इंदिरा जयसिंग, राम जेठमलानी आणि सासवडचे वि. म. तारकुंडे. समोर सर्वोच्च न्यायालयाचे पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ, अध्यक्षस्थानी सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड, आणि सोबत आणखी एक मराठी नाव, न्या. तुळजापूरकर. सरकारकडून एक तांत्रिक हरकत आली. याच लोकांनी उच्च न्यायालयात कबूल केले होते की फुटपाथवर झोपडी बांधण्याचा आम्हाला मूलभूत हक्क नाही, मग आता कोणत्या तोंडाने बोलतात? न्यायालयाने सांगितले की मूलभूत हक्क असा कबुलीजबाबाने सोडून देता येत नाही.

निकाल लागला १० जुलै १९८५ ला. दुसऱ्याच दिवशी चंद्रचूड निवृत्त झाले. सात वर्षांहून अधिक काळ सरन्यायाधीशपदी राहिलेल्या माणसाने जाता जाता दिलेला हा निकाल देशातल्या प्रत्येक कायदा महाविद्यालयात शिकवला जातो. त्याचा गाभा असा. घटनेच्या २१ व्या कलमातला जगण्याचा हक्क पोट भरण्याच्या साधनाशिवाय पोकळ आहे. माणसाचे साधन काढून घेतले की त्याचे जगणेच काढून घेतले. आणि ही माणसे फुटपाथवर हौसेने राहत नाहीत, कामाच्या जवळ राहावे लागते म्हणून राहतात.

इथवर वाचले की वाटते, जिंकले. पण पुढची पाने वेगळी आहेत. ३१४ वे कलम न्यायालयाने रद्द केले नाही. नोटीस न देण्याची मुभा आहे, सक्ती नाही, एरवी म्हणणे ऐकून घ्यावे, असा त्याचा अर्थ लावला. आणि या लोकांचे म्हणणे तर आम्हीच ऐकले, म्हणून हटवण्यास हरकत नाही, असे म्हटले. सवलती दिल्या त्या अशा. १९७६ च्या झोपडी-गणनेत ज्यांची नोंद आहे त्यांना पर्यायी जागा द्यावी. वीस वर्षांहून जुन्या वस्त्या सार्वजनिक कामाला जमीन लागल्याशिवाय हलवू नयेत. आणि पावसाळा संपून महिना होईपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कोणाला काढू नये. पर्यायी जागा ही हटवण्याची पूर्वअट मात्र केली नाही.

माझे मत विचाराल तर हा निकाल विचाराने मोठा आणि हाताने आखडता आहे. वकील मंडळी पहिला भाग गौरवाने सांगतात, पालिका दुसरा भाग चोख वापरतात. तरी एक गोष्ट त्याने कायमची केली. माणसाला उचलून दुसऱ्या जिल्ह्यात वा राज्यात सोडून येणे हे प्रशासनाचे नेहमीचे काम आहे, हा समज मोडला. खुद्द अंतुले १९८२ च्या जानेवारीतच पायउतार झाले होते. ते सिमेंटच्या प्रकरणात, फुटपाथच्या नव्हे.

निकालाच्याच वर्षी, १९८५ मध्ये, ‘स्पार्क’ या संस्थेने भायखळ्याच्या आसपास आणि बेटावरच्या इतर भागांत फुटपाथवरच्या सुमारे सहा हजार कुटुंबांची मोजणी केली. पाडापाडीची धास्ती होतीच. आपण कोण, कुठून आलो, किती वर्षे इथे आहोत, हे या लोकांनी स्वतः कागदावर आणले. पुढे याच फुटपाथांवरच्या बायकांची ‘महिला मिलन’ उभी राहिली. दहा वर्षांनी, १९९५ च्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेत फुटपाथवासीही पात्र ठरले. रुळांच्या कडेच्या हजारो कुटुंबांनाही या शतकाच्या सुरुवातीला पर्यायी घरे मिळाली, कारण झोपड्या रुळाला इतक्या भिडल्या होत्या की लोकलला वेग कमी करावा लागे. गाड्या वेळेवर धावायच्या होत्या म्हणून माणसांना छप्पर मिळाले. हेतू काहीही असो, आधी घर आणि मग तोडकाम हा क्रम सरकारला जमतो, एवढे त्यातून सिद्ध झाले.

आता तो टोचणारा प्रश्न. १९८१ ची सगळी मोहीम एका गृहीतावर उभी होती, की प्रत्येकाला एक ‘मुळगाव’ असते आणि तिथे त्याचे घर त्याची वाट पाहत असते. संगमनेरच्या माणसाचे घर कोसळले होते म्हणूनच तर तो निघाला होता. त्याला परत नेऊन सोडायचे ते कुठे?

आमच्या बिरसीत हा प्रश्न पुस्तकी नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत इंग्रजांनी गोंदियाजवळ बिरसीच्या शिवारात धावपट्टी केली. युद्ध सरले, विमाने गेली, पट्टी राहिली. सार्वजनिक बांधकाम खाते, मग एमआयडीसी असे तिचे मालक बदलत गेले आणि डिसेंबर २००५ मध्ये ती भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे आली. धावपट्टी लांबली, वैमानिक घडवणारी संस्था आली. आज बांधीत रोवणी चालू असताना डोक्यावरून शिकाऊ विमानांची घरघर जाते. मार्च २०२२ मध्ये प्रवासी विमान सुरू झाले, काही महिन्यांत बंद पडले. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादची सेवा पुन्हा सुरू झाली. या सगळ्या वाढीत गावची शेते गेली, घरे गेली, आणि विमानतळ प्रकल्पग्रस्तांना पुनर्वसनासाठी वर्षानुवर्षे निवेदने आणि आंदोलने करावी लागली. विमानतळ नको होता असे मी म्हणत नाही. जिल्ह्याला त्याची गरज आहे. पण दळणवळणासाठी ज्याचे घर गेले त्याला शहराने उद्या ‘गावी जा’ म्हटले तर तो कोणत्या दाराचे कुलूप उघडायला जाणार?

गोंदिया हे धानाचे आणि राइस मिलचे गाव खरे, पण त्याची दुसरी ओळख जंक्शन ही आहे. हावडा–मुंबई मार्ग इथून जातो, बालाघाट-जबलपूरचा फाटा इथे फुटतो, बल्लारशाचा इथे मिळतो. विदर्भ एक्स्प्रेस इथून निघते ती थेट मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला टेकते. धान कापून झाले की हातात काम नसलेला मजूर याच फलाटांवरून नागपूर, हैदराबाद, मुंबई धरतो. रात्री फलाटावर पोते किंवा चादर अंथरून झोपलेल्या माणसांत प्रवासी कोण आणि बेघर कोण, हे अंगावरच्या कपड्यांवरून सांगता येत नाही. फरक खिशातल्या कागदाचा. पहाटेच्या गाडीचे तिकीट असेल तर तो प्रवासी. फलाट तिकिटाची मुदत दोन तासांची. तीही नसेल तर काठी टेकत येणारा शिपाई म्हणतो, ‘उठ रे, चल बाहेर.’ बाहेर म्हणजे कुठे, हे त्यालाही ठाऊक नसते.

आणि तिसरा कागद आहे मुंबई भीक प्रतिबंधक कायद्याचा, १९५९ चा. त्यात भिकाऱ्याची व्याख्या अशी पसरट केली आहे, की जगण्याचे साधन दिसत नाही आणि सार्वजनिक जागी फिरतो किंवा रेंगाळतो, म्हणून भिकेवर जगत असावा, एवढेही पुरते. हात पसरलाच पाहिजे असे नाही. वॉरंटाशिवाय धरता येते. पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षे भिक्षेकरी गृहात ठेवता येते. ऑगस्ट २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने राजधानीपुरती या कायद्याची भीक मागणे गुन्हा ठरवणारी कलमे घटनाबाह्य ठरवली. ज्या राज्याच्या नावाचा कायदा, तिथे तो उभा आहे.

१९८१ च्या त्याच पावसाळ्यात, ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्कमध्ये एक तडजोडनामा झाला. रस्त्यावरच्या बेघर पुरुषांच्या वतीने रॉबर्ट हेज या तरुण वकिलाने खटला भरला होता, आणि अखेर शहराने लिहून दिले की मागेल त्या बेघर पुरुषाला रात्रीचा निवारा देऊ. मुंबईत गाड्या भरल्या जात होत्या त्यानंतर जेमतेम महिनाभराने. अमेरिकेला डोक्यावर घेण्याचे मात्र कारण नाही. त्याच न्यूयॉर्कने पुढे २००७ पासून बेघर कुटुंबांना एकेरी तिकिटे काढून देऊन नातेवाइकांकडे धाडण्याचा कार्यक्रम चालवला. एकेरी तिकिटाचा मोह सगळ्या शहरांना पडतो. ते स्वस्त असते आणि माणूस नजरेआड होतो.

मे २०२० मध्ये, करोनाच्या टाळेबंदीत, हे सगळे पुन्हा समोर आले. ६ मेपासून न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे रात्री एक ते पाच बंद राहू लागली. डबे धुण्यासाठी, असे कारण होते. पण डब्यातच रात्र काढणारी माणसेही त्यामुळे बाहेर पडली. ८ मेच्या पहाटे आपल्याकडे बदनापूर आणि करमाडच्या मध्ये रुळांवर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली आणि १६ जण मेले. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यातले हे मध्य प्रदेशातले मजूर भुसावळकडे चालले होते. तिथून गाडी मिळेल असे त्यांनी ऐकले होते. गाड्या बंद आहेत असे समजून थकून रुळांवरच आडवे झाले. त्यांच्या भाकरी रुळांवर विखुरलेल्या दिसल्या.

त्यानंतर एसटी धावली. पाच लाखांहून अधिक मजुरांना तिने फुकट राज्याच्या सीमेवर नेऊन सोडले. आमच्या जिल्ह्यात ती सीमा देवरीच्या पुढे, छत्तीसगडच्या बाघनदीकडे. १९८१ ला गाडीत कोंबले होते, २०२० ला लोक स्वतः चढले आणि चालक-वाहकांनी जीव धोक्यात घालून त्यांना पोचवले. दोन्हींना एका मापाने मोजणे अन्याय होईल. तरी एक साम्य राहतेच. दोन्ही वेळा सरकारला माणसाची सोय करायची म्हणजे त्याला हलवायचे एवढेच सुचले. ज्या कारखान्यांनी, बांधकामांनी त्यांना वर्षानुवर्षे राबवले, त्या शहरांत त्यांना दोन महिने टेकायला जागा मिळाली नाही. त्यातले कितीतरी पुढे परत आले, सेलमच्या मजुरासारखेच.

मग शहराने करायचे काय? पहिली गोष्ट, रेल्वेला हे एका बाबतीत जमले आहे ते पाहावे. घर सोडून आलेली मुले फलाटावर सापडली तर रेल्वे सुरक्षा दलाचा शिपाई त्यांना हाकलत नाही. मूल बाल कल्याण समितीपुढे जाते. आणि कायदा सांगतो की त्याला घरी धाडण्याआधी ते घर कसे आहे, परत पाठवणे त्याच्या भल्याचे आहे का, हे तपासा. हाच प्रश्न मोठ्या माणसाला कोणी विचारत नाही. अठरा वर्षे पूर्ण झाली की घर आपोआप सुरक्षित होते, असे दिसते.

दुसरी, स्थानकाला निवाऱ्याचे दार जोडावे. फिलाडेल्फियात २०१८ मध्ये शहराच्या मध्यावरच्या भुयारी स्थानकातच बेघरांसाठी केंद्र उघडले. तिथे चहा, आंघोळ, कपडे धुणे, डॉक्टर आणि घराच्या अर्जाला मदत मिळते. हे परदेशी वाटत असेल तर गाडगेबाबांकडे पाहावे. त्यांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू, मुंबई इथे धर्मशाळा उभ्या केल्या, त्या माणूस जिथे येऊन पडतो तिथेच. मुंबईतली जे. जे. रुग्णालयाजवळ आहे, कारण रुग्णाचे नातलग त्या फुटपाथवर रात्री काढत. ‘तुम्ही गावी का जात नाही?’ असे बाबांनी कोणाला विचारले नाही. त्यांच्या दशसूत्रीत बेघरांना आसरा हे एक सूत्र आहे.

कागदावर सरकारनेही हे मान्य केले आहे. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की शहरात लाख लोकसंख्येमागे एक, वर्षभर आणि चोवीस तास उघडा असा निवारा हवा. २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्यासाठी पैसे ठेवले गेले, आणि निवारे स्थानक, बसस्थानक, बाजार यांच्या जवळ असावेत असे त्याच्या मार्गदर्शक सूचनांतच लिहिले होते. गावाबाहेरच्या निवाऱ्यात कोणी जात नाही. हमाली फलाटावर असेल तर झोपायला पाच किलोमीटर कोण जाईल? गोंदिया शहराची लोकसंख्या २०११ मध्येच १ लाख ३२ हजारांवर होती. म्हणजे जंक्शनच्या पायऱ्यांवरून चालत जाता येईल असा, बायकांसाठी वेगळी खोली असलेला, रात्री दोनच्या गाडीने उतरलेल्यालाही दार उघडणारा किमान एक निवारा आपल्या शहराला हिशेबाने देय आहे. तो मागायला नगरपरिषदेच्या सभेत उठून उभे राहणाऱ्या दोन सदस्यांची गरज आहे, मोठ्या निधीची नव्हे.

बेघरांची गणना जनगणनेच्या शेवटी एका रात्रीत होते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली आणि महाराष्ट्रात २ लाख १० हजार ९०८ माणसे मोजली गेली. फलाटावरून त्या रात्री ज्याला हाकलले तो त्या आकड्यात आला नसेल, आणि आकड्यात नाही तो अंदाजपत्रकातही नाही. पुढची जनगणना आता तोंडावर आहे. गोंदियाच्या वाचकांना, शिक्षकांना, प्रगणक म्हणून ज्यांच्या नावाने आदेश निघतील त्या सगळ्यांना एवढीच विनंती, की त्या रात्री फलाट क्रमांक एकच्या टोकापर्यंत, बसस्थानकाच्या मागच्या बाजूपर्यंत, पुलाखालीही जा. आणि स्थानकावर शिपाई असेल तर त्याला आधीच सांगून ठेवा, आज कोणाला उठवू नका.